द्यायला दोघं, काढायला एक

नव्या वर्षाला दोन दिवस उरले होते आणि ताइनानच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात सकाळपासून झाडू फिरत होता. जुन्या वर्षाची धूळ नव्यात न्यायची नसते. खिडक्या पुसून झाल्या, दारावर लाल कागद चिकटले, टेबलांवर देठासकट संत्री आली. बायकामुलांना घेऊन विमानतळाकडे निघता निघता लिएन साहेब दारातून म्हणाले होते, "कॉम्प्युटरही आतून झाडून घ्या हं. उगाच पडून असलेली नावं काढून टाका."

आतलं झाडणं यून-शीच्या वाट्याला आलं. तिच्याशिवाय ते कुणाला करताच आलं नसतं.

किनाऱ्यावरच्या त्रेचाळीस घरांची माशांची तळी हे सात जणांचं ऑफिस राखत होतं. प्रत्येक तळ्यात बुडवलेली एक दांडी पाण्यातला प्राणवायू मोजायची. तो घटला की सॉफ्टवेअर आपणहून पाणचाकं फिरवायचं आणि पाण्याला श्वास मिळायचा. या सगळ्यात कुणी किती हात घालायचा हे ठरलेलं होतं. कुणी नुसता पाहणारा, कुणी चाकं चालवणारा, आणि किल्ल्या वाटणारे दोघंच, लिएन साहेब आणि यून-शी. नवी किल्ली द्यायची तर दोघांची संमती लागे. तीन वर्षांपूर्वी हा नियम यून-शीनंच लिहिला होता.

यादीत एकच नाव अडलं. काओ काका.

काका सुगीच्या सणाला निवृत्त झाले. तेव्हापासून चार महिने त्यांचं नाव यादीत तसंच होतं. काढायला हवं हे सगळ्यांना कळत होतं, पण हात कुणाचा धजत नव्हता. पहिली दांडी पाण्यात बुडवणारा माणूस तो. त्याचं नाव पुसायचं म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्याचं जेवणाचं ताट उचलून ठेवण्यासारखं. आणि त्यांना फोन करून 'काका, तुमचं नाव काढतेय' असं म्हणायचं तरी कसं? यून-शीनं खुर्चीतच मान थोडी झुकवली, मनात माफी मागितली आणि बटण दाबलं. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

अकराला चिए-मिननं मान वर केली. सुट्टीतल्या पहाऱ्यावर तोच होता. तोंडात मुळ्याची वडी होती.

"ताई, आ-चून मावशीच्या तीन नंबरकडे बघ गं जरा."

"काय झालंय?"

"प्राणवायू तीनच्या खाली आलाय. आणि चाकं गप्प."

"मग हातानं चालू कर ना."

"केली. दोनदा केली." त्यानं वडी गिळली. "म्हणतंय, परवानगी नाही. मी चालवणारा आहे ना गं? की साहेबांनी जाता जाता माझीही बढती काढून घेतली?"

यून-शी उठून त्याच्या मागे उभी राहिली. तीन नंबर. मग चार. मग सहा. मावशीच्या सातही तळ्यांसमोर तोच शब्द, नकार. बाकीच्या बेचाळीस घरांची चाकं मजेत फिरत होती. तिनं मावशीच्या तळ्यांची जुनी नोंद उघडून वाचली.

मावशीची तळी सगळ्यांत जुनी. कंपनी सुरू झाली त्या महिन्यात काकांनी ती जोडली, तेव्हा ना नियम होते ना किल्ल्या. घाईत त्यांनी चाकं फिरवणारी आज्ञा आपल्याच नावानं लिहून ठेवली. सहा वर्षं बटण कुणीही दाबो, नाहीतर सॉफ्टवेअर आपणहून दाबो, मावशीच्या दारावर थाप पडायची ती काओ काकांच्या नावानं. आज थाप पडली आणि दार म्हणालं, कोण काओ? या नावाचं इथं कुणी नाही.

"मी काढलं," यून-शी म्हणाली. "काकांचं नाव. मघाशी."

चिए-मिन गर्रकन वळला. "मग परत घाल! लवकर घाल!"

यून-शीनं तिथूनच विनंती टाकली. "माझी संमती मी दिली. दुसरी साहेबांची लागेल."

दोघांनी एकदमच घड्याळाकडे पाहिलं. साहेबांचं विमान ढगांत होतं. उतरायला अजून अडीच तास.

"मावशीला सांगू, तळ्यावरच्या विजेच्या पेटीतून हातानं चालू करा म्हणून."

"मावशी काऊशुंगला गेलीय. विमानतळावर. मुलगा येतोय व्हिएतनामहून, चार वर्षांनी." काल संध्याकाळीच मावशीचा फोन आला होता. सहा वर्षांत पहिल्यांदा तळी सोडून चाललेय गं पोरी, तुमच्या भरवशावर. "पेटीला कुलूप आहे. किल्ली तिच्या कमरेला."

"शेजारी कुणी?"

"सगळे देवळात असतील. आणि फाटकाला तिची तीन कुत्री."

चिए-मिनचा हात विजारीकडे गेला. एकदा त्या कुत्र्यांतल्या एकानं ती फाडली होती.

दोन पूर्णांक तीन. थंडीचे वारे अडवायला मावशीनं तळ्यांवर प्लास्टिकचं छत घातलं होतं, त्यामुळे वारा पाणी ढवळेल ही आशाही नव्हती. खाली, अंधाऱ्या पाण्यात, दोन वर्षं वाढवलेले हेकरू मासे दाटीवाटीनं तोंडं वर करू लागले असतील. उद्या पहाटे ते बाजारात जायचे होते, सणाच्या ताटात. त्यांच्याच जोरावर मावशी मुलाला म्हणाली होती, आता परत जाऊ नकोस, तळी तुझी.

"ताई." चिए-मिनचा आवाज बदलला. तो साहेबांच्या खोलीच्या दारात उभा होता. "साहेबांनी कॉम्प्युटर बंद केलेला नाही. कधीच करत नाहीत. त्यांचंच नाव उघडं आहे. एक बोट, बस्स."

यून-शी दारापर्यंत गेली. पडद्यावर साहेबांच्या मांजराचा फोटो होता, आणि कोपऱ्यात छोटासा लाल ठिपका, तिचीच विनंती, संमतीची वाट पाहत.

"साहेब रागावणार आहेत का?" चिए-मिन म्हणाला. "उलट म्हणतील, एवढा वेळ काय करत होतात? ताई, मासे मरतायत!"

साहेब रागावले नसते, हे खरंच होतं. तिनं हात पुढे केला. आणि तिला देवळाचं अंगण आठवलं. तीन वर्षांपूर्वी, प्लास्टिकच्या लाल स्टुलांवर बसलेले शेतकरी, आणि मागून आ-चून मावशीचा खणखणीत आवाज: "ए पोरी, तुमच्यातल्या एखाद्याचं डोकं फिरलं आणि त्यानं माझं पाणी बंद केलं, तर?" तिनं तेव्हा सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "एकट्या माणसाला तुमच्या पाण्याला हात लावता येणार नाही, मावशी. दोघं लागतील." मावशीनं सुपारीसारखा तो शब्द चघळून पाहिला होता आणि मग सही केली होती.

आणि आज सकाळी एकटीनं, एका बोटानं, तिनं मावशीचं पाणी बंद केलं होतं. द्यायला दोघं, हे तिनं लिहिलं होतं. काढायला किती, हे लिहायचं तिला सुचलंच नव्हतं. काढण्यात कसला आलाय धोका, असं वाटलं होतं.

हात मागे आला.

"दुसरं माणूस आहे," ती म्हणाली. "त्याच नियमात खाली एक ओळ आहे. मालक स्वतःच्या तळ्यापुरता दुसरी संमती देऊ शकतो. कुणी कधी वापरलीच नाही."

"म्हणजे मावशीला फोन? आणि काय सांगणार? सणाच्या तोंडावर? ती सही परत घेईल ताई, आणि तिच्यामागे अर्धं गाव जाईल."

"जे झालं ते सांगणार."

पहिल्यांदा फोन वाजत राहिला. दुसऱ्यांदाही. दोन पूर्णांक शून्य. तिसऱ्यांदा गर्दीच्या गोंगाटातून आवाज आला, "कोण गं? विमान उतरलंय, बॅगा यायच्यात, लवकर बोल!"

"मावशी, मी यून-शी. तुमची चाकं थांबलीत. चूक माझी आहे. आत्ता तुमच्या फोनवर एक प्रश्न येईल, त्याला हो म्हणा. मग मला हव्या तेवढ्या शिव्या द्या."

गोंगाट तसाच होता. मावशीचा आवाज मात्र अगदी हळू झाला, "किती उरलाय?"

"एक पूर्णांक नऊ."

"अगं कार्टे!" एवढंच. मग पर्सची चेन, किल्ल्यांचा खणखणाट. "चष्मा... चष्मा गाडीत राहिला. अहो, ओ दादा, हे वाचून दाखवा हो. काय लिहिलंय?"

कुणा अनोळखी माणसाचा बावचळलेला आवाज फोनमध्ये शिरला, "लिहिलंय... काओ यांना तुमची चाकं चालवण्याचा अधिकार पुन्हा द्यावा का?"

"पुन्हा?" मावशीचा आवाज चढला. "काओला काढला कुणी?"

"मी," यून-शी म्हणाली. "एकटीनं."

चिए-मिन पडद्यासमोर उभा होता, दोन्ही हात डोक्यावर. एक पूर्णांक सात. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

"दादा," मावशी त्या अनोळखी माणसाला म्हणाली, "बोट कुठं ठेवू ते दाखवा. तुम्ही नका दाबू. मी दाबते."

आणि पडद्यावर एकेक करून चाकं जागी झाली. तीन. चार. सहा. मग सगळी. यून-शीला काही ऐकू येणं शक्य नव्हतं, पन्नास मिनिटांवरची तळी ती. तरी तिला चाकांचा आवाज ऐकू आला, पाण्याला थापटून निजवावं तसा.

दुपारी दोघं मावशीच्या गावी, पेईमेनला पोचली तेव्हा मावशी काठावर उभी होती. विमानतळावरचे कपडे, पायात गमबूट, हातात जाळी. शेजारी तिचा मुलगा, अजून बॅगेच्या पट्ट्यातच अडकलेला. तीन नंबरच्या काठावर एकतीस हेकरू ओळीनं निजवले होते. यून-शीनं कमरेत वाकून मान खाली घातली आणि वर करेना.

"ऊठ," मावशी म्हणाली. "भरपाई साहेब उतरल्यावर त्याच्याकडून घेईन, सोडणार नाही. पण मला एक सांग. मला फोन न करता भागलं असतं का?"

चिए-मिननं पायाशी पाहिलं. "एक कॉम्प्युटर उघडा होता, मावशी. मी म्हणत होतो. ताईनं दाबलं नाही."

मावशीनं त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कुत्री भुंकत होती, त्यांना तिनं हड् केलं. "आमची आजी म्हणायची, पाणी हलतं तोवर मासा जगतो, शब्द हलला की घर बुडतं." ती जाळी धुऊ लागली. "आणि त्या बिचाऱ्या काओला किती दिवस राबवणार? म्हाताऱ्याला झोपू द्या की. चाकांना त्यांचं स्वतःचं नाव नाही?"

"देते. आजच देते." यून-शी म्हणाली. "त्यांचं नाव मग पुन्हा काढावं लागेल. या वेळी मी विचारते, तुम्ही दाबा. काढायलाही दोघं लागतील आता, मी तसं लिहितेय."

"आधी त्याला फोन कर."

तिनं तिथंच, चाकांच्या आवाजात, फोन लावला. काका घराच्या दारावर लाल कागद डकवत होते. सगळं ऐकून घेतलं, एकतीसचा आकडा ऐकून चुकचुकले, मग म्हणाले, "आज्ञा माझ्या नावानं लिहिली, ते मी विसरलो पोरी. ती चूक माझी." गोंदाचा ब्रश पुन्हा फिरू लागला. "आणि चार महिने झाले, कुणी नाव काढेना. मला वाटलं, अजून माझ्यावाचून अडतंय यांचं. बरं वाटायचं गं. म्हणून मीही बोललो नाही."

 यून-शीनं फोन मावशीपुढे धरला.

"काओ," मावशी त्यात ओरडली, "परवा जेवायला ये! एकतीस मासे आहेत, एकटी किती खाऊ?"

यून-शीनं चाकांना त्यांचं नाव द्यायची आणि मग काकांचं काढायची विनंती पाठवली. मावशीनं ओले हात पदराला पुसावेत तसे कोटाला पुसून, गाडीतून आणलेला चष्मा चढवून, बोट पुढे केलं. "कुठं दाबायचं? आणि तू दाबलंस का आधी?"

"दाबलं, मावशी."

"मग ठीक."