आठ दिवसांनी

ठिपका खालीच उतरत होता... चांगुणाने आकडेमोडीच्या यंत्राची मूठ पुन्हा फिरवली, आलेखाच्या कागदावर पेन्सिलीचं टोक पुन्हा टेकवलं — तीच जागा. चौथीच्या गणिताच्या चाचणीतले बाकी एकोणतीस प्रश्न शहाण्यासारखे वर चढत गेले होते. पोर जितकं हुशार, तितका उत्तर बरोबर येण्याचा संभव जास्त, एवढं साधं ते गणिती प्रारूप. चौदावा मात्र हरसूलच्या शाळेत उलटा चालला होता; बाकी सगळं बिनचूक सोडवणारी मुलंच नेमकी याला चुकली होती.

'आज शनिवार आहे. आठ दिवसांनी कोणता वार असेल?'

प्रश्न तिनेच काढलेला. उत्तर रविवार, नाशिकच्या मुलांनी बोटं मोजून तेच लिहिलं होतं. हरसूलच्या हुशार मुलांनी लिहिलं होतं शनिवार... आणि ते का, हे कळायला आपल्याला यंत्र लागावं, याची तिला लाज वाटली. लहानपणी शनिवारी त्र्यंबकच्या वसतिगृहाच्या फाटकाशी आई डोक्यावरची पाटी सावरत म्हणायची, "आठ दिसांनी येतेच हां, बाय." आणि पुढच्या शनिवारी हजर! रविवारपर्यंत वाट पाहायचं चांगुणाच्या कधी मनातही आलं नव्हतं — मग हा रविवार आपण शिकलो कधी? कुणासाठी?

"हरसूलच्या उत्तरपत्रिका वगळा, बाई," तिचे साहेब, यज्ञेश्वरराव, टेबलापाशी येऊन म्हणाले. "ती मुलं प्रारूपात बसत नाहीत. कच्ची आहेत, असा शेरा मारा."

बावन्न मुलं. एका शेऱ्यात कच्ची... सहा वर्षं या कचेरीत ती 'इथलीच, नाशिकची' होती. गावाचा विषय निघाला की चहाचं काढायची, आणि चुकूनही कधी गावाकडचं 'हाय' की 'नाय' तोंडातून जाऊ दिलं नव्हतं.

"मुलं बसतात, साहेब. प्रश्न बसत नाही. आमच्या हरसूलला आठ दिवसांनी म्हणजे पुढच्या आठवड्यातला तोच वार."

आमच्या. शब्द निघून गेला होता.

"तुमच्या?" यज्ञेश्वररावांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि प्रश्न काढला कुणी होता?"

"मीच. चूक माझी आहे. तसं लिहून देते."

ते कागद घेऊन गेले. शेरा कदाचित बसेलही. पण तिचा ऊर भरून आला होता; त्या बावन्न पोरांचा, त्यांच्या त्या ठाम शनिवारांचा तिला असा अभिमान वाटत होता, की शेजारच्या टेबलावरून तरी कुणी आता गाव विचारावं... कुणीतरी विचारावंच.