अकरा दिवस मागचं मशीन

साहेब, जनीमावशीला मिळू शकणारा मासळीबाजारातला ओटा तुम्ही गिळलात. सोडतीत नाव निघालं नाही म्हणून गेला असता तर मी गप्प बसलो असतो. तुम्ही तिची चिठ्ठी डब्यात पडूच दिली नाहीत.

मी तुमच्या मंडई समितीचा कंत्राटी ऑपरेटर, ठाकुर्लीचा सहदेव. दसऱ्याला नवा कॉम्प्युटर येणार होता, आला अकरा दिवसांनी. तुम्ही म्हणालात, "तारीख मागे घे रे. पहिली फाईल दसऱ्याच्या मुहूर्तावर पडली पाहिजे." मी घेतली. नारळ फुटला, मॉनिटरला हार पडला. दुसऱ्या दिवशी तारीख पुढे करायला गेलो तर म्हणालात, "राहू दे. मुहूर्त मोडतोस काय?"

तेव्हापासून चपला काढून त्या थंड खोलीत शिरलं की वाटायचं, इथे कोणीतरी जुनी हवा कोंडून ठेवलीय. बाहेर आकाशकंदील लागलेले, आत दिवाळी अजून यायचीय.

मग रस्त्यावर बसणाऱ्या विक्रेत्यांना मासळीबाजारातले ओटे द्यायची सोडत ठरली, पाच नोव्हेंबरला. हजर राहील त्याचीच चिठ्ठी डब्यात. नोटिसा एक तारखेला सकाळी दहाला आपोआप छापाव्यात असं मी मशीनला लावून दिलं. लावताना नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर होती, मशीनच्या तारखेवर नव्हती. ती चूक माझी, लिहून देतो. तुम्ही खूश. "आपोआप होतंय ना? मग रोज येऊन काय करणार तू? महिन्यातून एकदा ये."

मी आलो तो थेट बारा तारखेला. दहा वाजले. खोलीत एकटाच, हात खिशात. प्रिंटर आपणहून जागा झाला. भरतीचं पाणी खाडीतून गावात चढतं तसा कागद टेबलावरून उतरत उतरत माझ्या पायांशी आला. प्रत्येक पानावर एक नोव्हेंबर. एकशे चाळीस नावं. क्षणभर खरंच वाटलं, खिडकी उघडली तर बाहेर तेच मागचे दिवस असतील आणि जनीमावशी नवं लुगडं नेसून रांगेत उभी असेल. खिडकी उघडायचा धीर झाला नाही.

तुम्ही आलात, वाचलंत, आणि शिपाई धोंडीबाला म्हणालात, "टाक पोस्टात."

"साहेब, सोडत होऊन आठवडा झाला."

"वर एक तारीख आहे ना? कॉम्प्युटर काय खोटं बोलतो?"

सोडतीला हजर होते ते तुमच्या टेबलाशी चहा पिणारे नऊजण. ओटेही नऊच. डबा हलवायचीसुद्धा गरज पडली नाही.

जनीमावशी बावीस वर्षं डोंबिवलीत रस्त्याच्या कोपऱ्यावर मासळी विकते. ती नोटीस घेऊन माझ्याकडे आली. "सोडत तं झाली म्हंतान. मंग यो कागद मना कशाला धाडला?"

"मावशी, त्या मशीनमध्ये सोडत अजून व्हायचीय."

ती हसली. "मंग मना तिथंच बसव ना रे. टोपली घेऊन येतंय मी."

तेव्हापासून ती मला तिथे दिसते. डोक्यावर छप्पर, पाय सोडून बसलेली, बोंबलांवर पाणी शिंपडत. गिऱ्हाईकं येतात, कुणाच्याच पायांचा आवाज होत नाही. आणि इथे रस्त्यावर तुमची अतिक्रमणवाली गाडी येते, तिची टोपली उचलून नेते, ती गुडघे धरून मागे धावते.

ही सोडत रद्द करून पुन्हा घेणार आहात की नाही? हो की नाही, एवढंच तुमच्या सहीने लिहून द्या.