न थांबणाऱ्या गाडीची खानावळ

ब्रॅनिगर गाव कोणी वसवलं असं विचाराल, तर पाण्याच्या टाकीनं. नेब्रास्काच्या त्या ओसाड गवतात इंजिनांना तहान लागायची, म्हणून कंपनीनं टाकी उभी केली. गाडी थांबते म्हटल्यावर न्हावी आला, लोहार आला, दुकान आलं. मग कोणाचं चर्च खरं यावरून भांडायला जर्मन आणि स्वीडिश शेतकरीही आले. मी स्वीडिश, त्यामुळे खरं चर्च आमचंच होतं. तो विषय इथेच संपला.

मी अल्बिन नीक्विस्ट, तिथला स्टेशनमास्तर. तारेवरून आलेले हुकूम कागदावर उतरवायचे आणि न थांबणाऱ्या गाडीला ते लांब दांड्याच्या लाकडी कड्याला अडकवून वर द्यायचे, हे माझं काम. गाडीतला माणूस हात बाहेर काढतो, कडं त्याच्या कोपरात अडकतं, कागद काढून घेऊन तो कडं पुढे रुळांकडेला फेकून देतो. मग ते शोधत गवत तुडवत हिंडायचं, हेही माझंच काम. पगारात ते धरलेलं नव्हतं.

टाकीसमोर लुडमिला हरूश्काबाईंची खानावळ होती. मालगाडी पाणी भरून घेई तोवर गाडीवरची माणसं तिथे जेवत. बाईंचा नवरा व्हाक्लाव आमच्याच लाइनीवर ब्रेकमन होता. दोन डब्यांच्या मधे सापडून गेला. घर त्यानं रुळांखालच्या टाकाऊ लाकडी स्लीपरांतून स्वतःच्या हातांनी बांधलेलं, पण जागा कंपनीची. गाडीवरची माणसं जेवायला आहेत तोवर बाईंनी तिथे राहावं, असा करार होता. मीही दोन्ही वेळा तिथेच जेवायचो. बाईंना मी हे कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या घरासारखं घर मला दुसरं नव्हतं.

मग मोठी इंजिनं आली. त्यांना आमच्या टाकीचं काही पडलेलं नव्हतं. मालगाडी शिट्टी मारून धडधडत निघून जाऊ लागली. न्हाव्यानं आपली खुर्ची घोडागाडीत टाकली आणि गाव सोडलं. लोहार दिवसभर जांभया देत बसायचा.

एके सकाळी पॅसेंजरमधून विभागाचे साहेब, मिस्टर व्हिटलॉक, उतरले. खानावळीच्या दारातच उभे राहिले, आत काही आले नाहीत.

"बाई, गाडी थांबत नाही, म्हणजे इथे कोणी जेवत नाही. करार संपला."

"आणि जेवले तर?" बाईंनी विचारलं.

"गाडी थांबणार नाही म्हणतोय मी!"

"थांबायचं मी कुठे विचारलं? जेवले तर काय, ते सांगा."

साहेब हसले. "जेवले तर राहा खुशाल! पण मी उद्या मालगाडीनंच परत जाणार आहे. गार्डाच्या डब्यातून हात काढीन. घराची किल्ली तेवढी कड्याला अडकवून वर द्या."

पॅसेंजर सुटत होती. साहेब चढले आणि गेले.

बाई माझ्याकडे वळल्या. "मास्तर, तुमची कडी द्या."

"कडी कंपनीची आहेत, बाई."

"जेवणारेही कंपनीचेच आहेत. द्या."

त्या दुपारी आम्ही डब्यात डुकराचं मांस आणि कोबीचा रस्सा भरला, डबा कड्याला टांगला आणि मालगाडीसमोर धरला. गार्ड डॉर्सी नेहमीसारखा हुकुमासाठी हात काढून उभा होता. कडं त्यानं पकडलं, पण डबा गरकन फिरला, झाकण उडालं, अर्धा कोबी त्याच्या टोपीवर आणि अर्धा माझ्या डोक्यावर. लांब जाता जाता तो ओरडला, "मास्तर, मीठ कमी आहे!"

मला हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत.

"रस्सा नको," त्या म्हणाल्या. "आणि टांगायचं नाही. घट्ट बांधायचं."

संध्याकाळपर्यंत त्यांनी माझा जीव खाल्ला. रूळ दुरुस्त करणाऱ्यांच्या ट्रॉलीवर मला हात काढून उभं केलं, ट्रॉली उतारावरून सोडायला लावली आणि खाली स्वतः कडं घेऊन उभ्या राहिल्या. कड्यावर दगड बांधलेली पुरचुंडी. पहिल्यांदा ती माझ्या नाकावर बसली.

"अहो, मारता का मला?"

"नाक मधे कशाला आणता? पुन्हा!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी पिठाच्या पोत्याच्या कापडात जेवण बांधलं: राय धान्याचा पाव, भाजलेलं मांस आणि आलुबुखार भरलेले गोड पाव. इंजिनासाठी एक पुरचुंडी, गार्डासाठी एक, साहेबांसाठी एक. साहेबांच्या कड्यावर त्यांनी दोरीनं किल्लीही बांधली.

माझं डोकंच फिरलं. "किल्ली कशाला? वेड लागलंय का तुम्हाला?"

"त्यांनी मागितली, मी देतेय. कोणी म्हणायला नको की हरूश्काची बायको लपून बसली. पण आधी त्यांना दिसू दे माणसं जेवताना. साहेबांचं कडं मी धरणार."

"गाडी ओढून घेईल, बाई."

"व्हाक्लावला घेतलं तेवढं पुरे आहे तिला. मला नाही घेणार."

मालगाडी आली. मी इंजिनाला पहिलं कडं दिलं, मागे धावत येऊन गार्डाला दुसरं. दोन्ही कोपरांत बरोबर अडकली. गार्डाच्या डब्याच्या शेवटच्या पायरीवर साहेब हात काढून उभे होते. बाई रुळांच्या इतक्या जवळ उभ्या होत्या, जितक्या जवळ मी इतक्या वर्षांत कधी गेलो नव्हतो. वाऱ्यानं डोक्याचा रुमाल उडाला, पण हात हलला नाही. कडं साहेबांच्या कोपरात बसलं आणि गाडी निघून गेली. मला त्या बाईचा भयंकर राग आला होता, आणि त्याहून जास्त अभिमान वाटत होता.

कडी शोधायला आम्ही निघालो. इंजिनाचं मिळालं, गार्डाचं मिळालं. साहेबांचं काही दिसेना. ओढ्यावरच्या पुलापर्यंत चालत गेलो, बाई पुढे, मी मागे.

पुलाच्या पलीकडे गवतात ते पडलं होतं. पुरचुंडी सोडून घेतलेली होती. किल्ली मात्र दोरीनं तशीच कड्याला बांधलेली होती.

बाईंनी ती मुठीत धरली आणि तिथेच खडीवर मटकन बसून रडल्या. मी उगाच कडी मोजल्यासारखं करत उभा राहिलो, कारण माझेही डोळे भरले होते.

थोड्या वेळानं त्यांनी एप्रनला नाक पुसलं.

"उभे काय राहिलात, मास्तर? चला. उद्याचं पीठ भिजवायचंय."