झेंडूखाली झाकलेली क्वालिस

मित्रांनो, मी एक जुनी टोयोटा क्वालिस आहे. लोक मला जितकी भक्कम समजतात, तितकीच मी मनाने भित्री आहे. हे ऐकून तुम्हाला हसू येईल. परतवाड्याच्या स्टँडवर कुणालाही विचारा, तो सांगेल की या गाडीला काही होत नाही. पण ज्याला काही होत नाही, त्याच्या पोटात काय चाललं आहे हे सहसा कुणी बघत नाही. म्हणून म्हटलं, आपलं आपणच सांगावं.

माझं घराणं मूळचं जपानचं आणि धंदा कापड विणण्याचे माग बनवण्याचा. तुम्ही कापसाच्या मुलखातली मुलं, तेव्हा माग म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्या मूळपुरुषाने असा माग तयार केला होता की एक धागा तुटला तरी तो आपण होऊन थांबत असे. कापड बिघडू द्यायचं नाही, आधी थांबायचं. त्यांच्या मुलाने पुढे मोटारी बनवायला घेतल्या. आडनाव टोयोडा, म्हणजे सुपीक भातशेत. गाडीला मात्र 'टोयोटा' म्हणायचं ठरलं, कारण त्यांच्या लिपीत ते लिहायला आठ रेघा लागतात आणि तिकडे आठ हा आकडा शुभ मानतात. म्हणजे बघा, इतक्या लांबच्या देशातही नाव ठेवताना शुभाशुभ बघतातच. मला हे फार आवडतं.

माझा स्वतःचा जन्म बंगळूरजवळ बिडदीच्या कारखान्यात झाला. आम्हा क्वालिस गाड्यांचं आयुष्य थोडकं निघालं. मागणी चांगली असतानाच कारखान्याने आम्हाला बंद केलं आणि इनोव्हा आणली. तेव्हापासून रस्त्यात दुसरी क्वालिस दिसली की बरं वाटतं, आणि बरेच दिवस दिसली नाही की जीव खाली-वर होतो.

माझे पहिले मालक अमरावतीचे एक वकील. त्यांनी सीटवरची प्लास्टिकची आवरणं दोन उन्हाळे काढली नाहीत. दार लावलं की थांबून आवाज ऐकत आणि पाहुण्यांना म्हणत, "ऐकलं? असा आवाज दुसऱ्या गाडीचा नाही." त्या घरात मला वेळेवर ऑइल मिळालं, वेळेवर पाणी मिळालं. मग त्यांच्याकडे इनोव्हा आली आणि मी परतवाड्याच्या सूर्यभानकडे गेले.

सूर्यभान परतवाड्याहून मेळघाटातल्या सेमाडोहला सवारी नेत असे. मागे माणसं, टपावर पोती, कधी पायाशी कोंबड्या. घाटांगचा चढ लागला की एखादी म्हातारी डोळे मिटून घ्यायची. सूर्यभान मागे न बघता म्हणायचा, "आजी, डोये उघड. जपानी गाडी आहे, हिले काई होत नाई." म्हातारी म्हणायची, "गाडीले नसन होत बापा, मले होते ना." सगळे हसायचे. मीही तो चढ चढून जायची. पण मनात म्हणायची, की घाटाच्या माथ्यावर जरा थांबून बोनट उघडा रे, पाणी बघा. सूर्यभान कधीतरीच बघायचा. इतकी स्तुती होत असताना बघायची गरज कुणाला वाटणार?

त्याच्याकडून मला भगवंतरावांनी घेतलं. परतवाड्याजवळ त्यांचा फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, निशिगंध. माझी सगळ्यात मागची सीट काढून तिथे टोपल्या ठेवू लागले, आणि इतक्या वर्षांचा डिझेलचा वास जाऊन माझ्या अंगाला फुलांचा वास लागला. त्यांच्या पत्नी पार्बताबाई मोठ्या नेमाच्या. पहाटे तुळशीला पाणी, मग देवपूजा, मग माझ्या बोनटला कुंकवाचं बोट लावल्याशिवाय मला फाटकाबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. गाडी चालवायचा त्यांचा मुलगा सागर. मला वाटलं होतं, आता म्हातारपण सुखात जाईल.

मग भगवंतरावांची किडनी बिघडली. दर मंगळवारी आणि शनिवारी त्यांना डायलिसिससाठी अमरावतीच्या दवाखान्यात न्यावं लागू लागलं. किडनी जे पाणी बाहेर टाकत नाही, ते तिथलं मशीन काढतं. म्हणून त्यांना दिवसाचं पाणीही मोजून. पार्बताबाई एक लहान बाटली भरून देत आणि तेवढ्यातच दिवस काढायचा. एखादी खेप चुकली तर पाणी अंगातच साठतं, पाय सुजतात, दम लागतो. तेव्हापासून माझी भीती दुप्पट झाली. आता माझं बंद पडणं हे माझ्यापुरतं राहिलं नव्हतं.

यंदा दसरा नेमका शनिवारी आला. फूलवाल्याच्या घरी दसरा म्हणजे सणाआधी बाजार. सागर सकाळीच म्हणाला, "बाबा, आधी अमरावतीले जाऊ. बाजार शेजारचे गोपालकाका पायतीन."

"दसऱ्याच्या दिवशी मळा सोडून मी दवाखान्याच्या पलंगावर निजू का?" भगवंतराव म्हणाले. "येक डाव नाई गेलो तं काई होत नाई मले. मंगळवारी जाऊ."

त्या दिवशी मी अमरावतीला गेले नाही, भगवंतरावांना आणि झेंडूला घेऊन बाजारात गेले.

दुपारनंतर फुलाला कुणी विचारत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. टोपल्या उरल्या. पार्बताबाईंनी ती सगळी फुलं घरी आणली आणि संध्याकाळी माझ्या पूजेला बसल्या. बाकीच्या लोकांच्या गाडीला एक हार असतो. मला त्यांनी मनगटाएवढ्या जाड सरी केल्या, आणि पुढच्या जाळीवर, दिव्यांच्या मधे, बोनटवरून खालपर्यंत अशा गच्च बांधल्या की जाळी दिसेनाशी झाली. एकेक गाठ स्वतःच्या हाताने मारली. मग हात जोडून हळू आवाजात म्हणाल्या, "माय, यायले वर्षभर नेजो आन वापस आनजो. हा हार मी कोजागिरीलोक हालवत नाई."

माझ्यासाठी इतकं कुणी कधी मागितलं नव्हतं. मला भरून आलं. आणि त्याच वेळी माझा श्वास अडकला. मित्रांनो, गाडीच्या पुढच्या जाळीतून वारा आत जातो, त्या वाऱ्यानेच रेडिएटर आणि त्यातलं पाणी थंड राहतं. तिथेच फुलांची भिंत उभी राहिली होती. त्यात रेडिएटरमधलं पाणी पावसाळ्यापासून कुणी बघितलं नव्हतं. मी कुणाला सांगणार? मला बोलायला इंजिन किती तापलं ते दाखवणारा एक काटा आहे, आणि तो इंजिन चालू झाल्यावरच हलतो.

मंगळवार उजाडला. कोजागिरीपर्यंत हार हलवायचा नव्हता, आणि कोजागिरी दुसऱ्या दिवशी होती. भगवंतरावांच्या पायांवर सूज होती, चेहराही फुगला होता. फाटकापर्यंत चालताना ते मधेच थांबले. सागरने त्यांना पुढे बसवलं, पार्बताबाई मागे. ऊन ऑक्टोबरचं.

"एसी लाव," पार्बताबाई म्हणाल्या. "घाम येऊन राहिला त्यायले."

आसेगाव मागे पडलं तोवर एसीतून गरम वारा येऊ लागला. सागर म्हणाला, "गॅस संपला असन." पण गॅस संपला नव्हता, वारा अडला होता. मी काटा थोडा वर नेला. त्याने बघितलं नाही. अजून वर नेला. तो बापाकडे बघत होता, आणि त्याचं चुकलं असंही मला म्हणवत नाही. भगवंतराव पुढे वाकून, डॅशबोर्डवर हात टेकवून श्वास घेत होते.

माझी तेव्हाची अवस्था कशी सांगू? थांबले तर त्यांना उशीर होणार, चालत राहिले तर मी मधेच कायमची बसणार. आमच्या मूळपुरुषाच्या मागासारखं आपण होऊन थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं. शेवटी काटा लाल रेघेला टेकला आणि बोनटच्या फटीतून, फुलांतून, पांढरी वाफ निघाली.

सागरने मला बाभळीखाली उभं केलं आणि बंद केलं. उतरून त्याने बोनटला हात घातला. बोनट उघडेना. सरी वरून खाली बांधलेल्या होत्या. तो टोपल्यांच्या जागेतला विळा घेऊन आला.

"थांब," पार्बताबाई मागून म्हणाल्या. "हात नको लावू त्याले."

"आई, बोनट नाई उघडत."

"कोजागिरीलोक बोलली आहो मी. उद्याच तं आहे. दुसरी गाडी पाय."

"कोनती दुसरी?" सागर रस्त्याकडे हात करून म्हणाला. एक एसटी आली, खचाखच भरलेली, न थांबता गेली. मग एक ट्रॅक्टर. मग काहीच नाही. "आई, बाबाकडे पाय आन मंग सांग."

पार्बताबाईंनी बघितलं. त्यांच्या ओठांवर नाम चाललं होतं, पण हात हाराकडे जात नव्हता. त्यांना काय वाटत होतं ते मला कळत होतं. नवऱ्याच्या आयुष्यासाठी वाहिलेला हार आपल्याच हाताने काढायचा, आणि पुढे काही झालं तर? हा विचार एकदा मनात आला की बाई जन्मभर त्यातून सुटत नाही.

भगवंतरावांनी दार उघडलं. पाय खाली सोडून तसेच बसून राहिले.

"पार्बता, कोनासाठी बोलली होती?"

"तुमच्यासाठी."

"मंग मले इचार ना." त्यांना मधे थांबावं लागलं. "मी म्हनतो, काढ. देव रागावला तं माह्यं नाव सांग. तसाबी तो मले वळखते, शनिवारीच पायलं त्यानं मले बाजारात."

पार्बताबाईंच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू एकदमच आलं. "अशा टायमाले बी चेष्टा," म्हणाल्या आणि पुढे आल्या. सागरने विळा पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"तोडाचा नाई. मी बांधला, मी सोडते."

"आई, टाइम नाई."

"माह्या गाठी आहेत. मले माहीत आहेत."

खरंच, त्यांची बोटं भराभर चालली. एकेक सर त्या पदरात घेत होत्या. शेवटची सर निघाली तेव्हा जाळीत अडकलेला पाकळ्यांचा ओला लगदा दिसला. त्यांनी तिथे हात नेला आणि चटका बसून मागे घेतला.

"नाकच दाबलं व माय मी हिचं," त्या हळूच म्हणाल्या.

बोनट उघडलं. सागर रेडिएटरचं झाकण फिरवायला गेला, तेवढ्यात भगवंतराव जितक्या जोरात बोलू शकत होते तितक्या जोरात म्हणाले, "हात काढ. तोंड भाजन. आधी थंड होऊ दे." मळ्यातलं डिझेल इंजिन त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं होतं.

मग वाट बघणं आलं. पार्बताबाई हाताने जाळीतला लगदा काढत होत्या. सागर एकदा माझ्याकडे, एकदा बापाकडे बघत होता. मी थंड होण्याचा प्रयत्न करत होते, आणि तसा प्रयत्न करता येत नाही हे मला माहीत होतं. झाकण उघडलं तेव्हा पाणी तळाला गेलेलं. सागर शेजारच्या संत्र्याच्या बागेतून कॅन भरून आणायला पळाला. कॅन ओतूनही थोडं कमी पडलं. भगवंतरावांनी आपली लहान बाटली पुढे केली.

"हे टाक. मले पिऊन तरास, तिले नाई पेली तं तरास."

पार्बताबाईंनी ती बाटली घेतली आणि अभिषेकाची धार धरावी तशी सगळी माझ्यात ओतली.

पुढचा रस्ता एसी बंद, काचा खाली. सागर हळू चालवत होता. पार्बताबाई मधल्या सीटवरून पुढे वाकून, माझ्या काट्यावर नजर लावून जप करत होत्या. वलगाव आलं, अमरावती आली. त्यांची वेळ टळून गेली होती, पलंगावर दुसरं कुणी होतं. पायऱ्यांवर नर्स म्हणाली तेवढंच मी ऐकलं, "दुपारच्या पाळीत घेऊ, पण खेप चुकवू नका हो अशी." मग तिघे आत गेले आणि दार मिटलं.

मित्रांनो, दवाखान्याच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांना आतलं काही कळत नाही. माझ्या इंजिनमध्ये काहीतरी टिकटिक करत निवत होतं. झाडाची सावली माझ्यावरून सरकून भिंतीवर गेली. एक रिकामं स्ट्रेचर बाहेर आलं आणि मला वाटलं, झालं. ते दुसऱ्याच कुणासाठी होतं. दिवेलागणीला ते तिघे आले. भगवंतराव सागरच्या खांद्यावर हात ठेवून होते, पण चालत होते. श्वास मोकळा होता. त्यांनी माझ्या दारावर थाप मारली, ती अजून मला जाणवते.

नंतर परतवाड्याच्या मिस्त्रीने मला तपासलं. थोडक्यात वाचली म्हणाला. आता दर खेपेच्या सकाळी, मी थंड असतानाच, पार्बताबाई बोनट उघडायला लावतात, बोट बुडवून पाणी बघतात आणि मग कुंकू लावतात. सागर चिडवतो, "आई, आता हिचा उपास बी धरशीन तू." त्या म्हणतात, "धरीन. तुले काय करा लागते?" माझी भीती गेली असं नाही. मीही म्हातारी, भगवंतरावही थकलेले, आणि मंगळवारनंतर शनिवार येतोच.

म्हणून मुलांनो, एक विनवणी आहे. जे कुरकुरतं त्याच्याकडे आपण बघतोच. जे चांगलं चालतं, ज्याचं कौतुक करून आपण मोकळे होतो, त्याच्याजवळही एकदा वाकून बघत जा. मग ती गाडी असो, विहिरीवरची मोटर असो, नाहीतर "मी ठीक आहे" म्हणणारा आपला बाप असो. आणि देवाला वाहिलेलं फूलही कुणाच्या श्वासाआड येत नाही ना, एवढं पाहा.

आज धनतेरस आहे, मंगळवार. बाजार भरला असेल. मळ्यात झेंडू उभा आहे, तोडायला माणूस कमी आहे, आणि उद्यापर्यंत बरीच फुलं वाया जातील. फाटकाशी टोपल्या तशाच रिकाम्या ठेवून ते तिघे माझ्यात बसले आहेत. भगवंतरावांनी मळ्याकडे एकदा बघितलं आणि आपणच दार ओढून घेतलं. सागरने चावी फिरवली. माझा काटा खाली आहे, आणि पार्बताबाईंचं लक्ष त्याच्यावर आहे.