कालचा गोळा

बेकरीच्या आजीच्या पावाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. ठेवलं असतं तर आजीने त्याला गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवली नसती. नाकावर माशी बसू द्यायची नाही, आणि बसलीच तर तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, असा तिचा खाक्या. शाळा तिसरीपर्यंत, पण जीभ चांगली पदवीधर.

तिच्या पावाचं सगळं मर्म कालच्या गोळ्यात होतं. रोज पीठ मळून झालं की मुठीएवढा गोळा काढायचा, चिनीमातीच्या भांड्यात ओल्या फडक्याखाली झाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी नव्या पिठात घालायचा. चव त्याच्याने येते. लग्नानंतर आठव्या दिवशी सासूने हे शिकवलं होतं. "गोळ्याशिवायचा पाव म्हणजे भाजलेली हवा," सासू म्हणायची. सासू गेली, नवरा गेला, लाकडाची भट्टी जाऊन विजेची आली, पण भांडं कधी रिकामं राहिलं नाही. घराबाहेर पडताना हात कडीकडे जातो ना, तसा पीठ मळताना आजीचा हात त्या भांड्याकडे जायचा. त्यात विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आजीला नात झाली आणि दोन महिन्यांत घराची झोप उडाली. पोर अंगावर प्यायची आणि पिऊन झालं की पाय पोटाशी घेऊन किंचाळायची. गालांवर लाल चट्टे. मग एके दिवशी लंगोटात शेंबडासारखी शी आणि तिच्यात रक्ताचे धागे. सुनेने ते पाहिलं आणि मटकन खालीच बसली.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. दुधातलं आणि सोयातलं प्रथिन पोरीच्या आतड्याला सोसत नाही. आई जे खाते त्यातलं अंगावरच्या दुधात उतरतं. तेव्हा आईने दूध, लोणी, चीज, सोया, सगळं बंद करायचं आणि काय खाल्लं ते रोज वहीत लिहायचं. "अगदी चिमूटभरसुद्धा नको," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर आजी म्हणाली, "आम्ही पाच पोरं वाढवली, वह्या नाही लिहिल्या."

"आई, रक्त जातंय तिचं," मुलगा म्हणाला.

तिथे मात्र आजीचं काही चाललं नाही. नात म्हणजे तिचा जीव की प्राण. बोलून काही दाखवायची नाही, पण दुसऱ्या दिवशी सुनेसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाजारच्या पावात काय काय कोंबतात देव जाणे. आपल्याही पावात दुधाची पावडर असते, सोयाचं पीठ असतं, नाहीतर तीन दिवस मऊ कसा राहील? तुझा पाव मी वेगळा करीन. वेगळं पीठ, वेगळा साचा, वेगळं फडकं. मैदा, पाणी, मीठ, यीस्ट. बस्स."

"खरंच आई? तुम्हाला आधीच किती काम असतं," सून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"रडू नकोस, पाव खारट होईल."

सून मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायची. सध्या बाळंतपणाच्या रजेवर होती. एक रेघ इकडची तिकडे झालेली तिला खपायची नाही. वहीसुद्धा तशीच. सकाळी पाव दोन तुकडे, उकडलेला बटाटा एक, केळं अर्धं. उरलेलं अर्धं कुणी खाल्लं तेही लिहायची. भात, भाज्या, फळं आणि आजीचा पाव, एवढ्यावर ती जगत होती. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या.

तीन आठवडे झाले. रक्त काही थांबेना.

डॉक्टरीणबाईंनी वही उलटसुलट चाळली. "कुठून तरी जातंय," त्या म्हणाल्या. "आणखी दोन आठवडे बघू. नाहीच थांबलं तर अंगावरचं बंद करू, डब्यातलं खास दूध देऊ. त्यात कमीपणा काही नाही हं." सुनेने मान हलवली, पण घरी येईपर्यंत पोरीला छातीशी असं धरून होती, जणू कुणी आत्ताच ओढून नेणार आहे.

"कुठून तरी जातंय." आजीच्या डोक्यात ते वाक्य भुंग्यासारखं घोंघावू लागलं. पाव आपण करतो, तेव्हा पावातून जाणार नाही. मग उरलं काय? आणि दुसऱ्याच दिवशी धुण्यात सुनेच्या ॲप्रनच्या खिशात क्रीम बिस्किटाचा कागद सापडला.

आजी तो कागद नाचवत थेट दुकानात आली. सून गल्ल्याजवळ पोरीला खांद्यावर घेऊन उभी होती, आणि समोर पाव घ्यायला आलेली शिंपीणबाई. शिंपीणबाई म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र. कपडे शिवायची आणि बातम्या उसवायची.

"हे काय?" आजी गरजली. "पोटच्या पोरीचं रक्त सांडतंय आणि तुझ्या जिभेला क्रीम हवं?"

"आई, तो कागद मी गिऱ्हाइकांच्या बाकाखालून उचलला. केर काढताना. टोपली भरली होती म्हणून..."

"चोराच्या उलट्या बोंबा! आणि वहीत लिहितेस अर्धं केळं! ती वही काय डॉक्टरला फसवायला?"

सुनेने शिंपीणबाईकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तो ट्रे घेऊन दारात उभा होता. त्याने ट्रे खाली ठेवला आणि पाव मोजायला लागला. सून पोरीला घेऊन आत गेली.

"नाजूक असतात हो हल्लीच्या मुली," शिंपीणबाई म्हणाली आणि पाव न घेताच लगबगीने निघाली. बातमी पावापेक्षा गरम होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजी सुनेचा पाव मळत होती. राग होता, पण पाव तर करायलाच हवा. पाठीमागे मामा यंत्राची परात खरवडत होता. मामा म्हणजे आजीच्या नवऱ्याचा जुना दोस्त. तीस वर्षं इथेच पीठ मळतोय. आजीने मैदा घेतला, पाणी घातलं, मीठ, यीस्ट. वेगळा साचा पुसून ठेवला. मग हात भांड्याकडे गेला, फडकं उचललं, गोळा तोडला आणि पिठात दाबला.

मामा हसला. "वहिनी, सगळं सोवळं पाळता आणि हा पठ्ठ्या मागच्या दाराने आत!"

"कोण पठ्ठ्या?"

"हा कालचा गोळा. दूध पावडर, सोया, सगळं पिऊन बसलेला. मी आपलं गंमत केली. एवढ्याशाने काय होतंय म्हणा."

मामा परात घेऊन धुवायला गेला. आजीचा हात पिठातच राहिला. बोटं आत रुतलेली, मनगटापर्यंत मैदा.

अगदी चिमूटभरसुद्धा नको. इथे चिमूट नव्हती, मूठ होती. रोज एक मूठ, एकवीस-बावीस दिवस. वेगळं फडकं, वेगळा साचा, आणि विष आपल्याच हाताने. पोरीचा तो किंचाळून निळा पडलेला चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला. लंगोट आला. मग बिस्किटाचा तो कागद आला, आणि तिच्या कानाच्या पाळ्या भट्टीसमोर उभं राहिल्यासारख्या तापल्या.

तिने तो पिठाचा गोळा उचलून कचऱ्यात टाकला, वर पिठाचं रिकामं पोतं दाबलं. हात कोपरापर्यंत धुतले. नवीन पीठ घेतलं. पाव बसका निघाला.

"आज फुगला नाही वाटतं?" मुलाने विचारलं.

"हवा दमट आहे," आजी म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

सांगायचं तर होतंच. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. उद्या मुलगा घाईत होता. परवा सून तिच्याशी बोलतच नव्हती. तेरवा वाटलं, आता गोळा बंद केलाय ना, पोर बरी झाली की झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि पोर खरंच बरी व्हायला लागली. चौथ्या दिवशी चट्टे उतरले. सहाव्या दिवशी लंगोट स्वच्छ, नुसता पिवळा. सातव्या दिवशी तर बया पिऊन झाल्यावर चक्क हसली. आजीला सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं वाटायला हवं होतं. पण नात हसली की आजीला तिच्याकडे बघवेना. ती भट्टीत डोकं घालून उगाच जाळ्या पुसत बसायची.

त्यात शिंपीणबाई आली. "बघा आजी! तुम्ही दम दिलात म्हणून. नाहीतर बिस्किटं चालूच राहिली असती."

आजीने पाव कागदात गुंडाळला. दोनदा गुंडाळला. ज्या जिभेने गल्ली हलायची ती मूग गिळून बसली.

आतल्या खोलीत मुलगा बायकोला म्हणत होता, ते आजीने ऐकलं. "आता बरी आहे ना ती, मग सांगून टाक. कुणी रागावणार नाही. काय खात होतीस?"

"मी काही खाल्लं नाही रे."

"मग आपोआप थांबलं?"

मग सुनेचा आवाज, अगदी बारीक. "मलाही कळत नाही. झोप नसते, भान नसतं. कदाचित खाल्लं असेन मी काहीतरी. लिहायचं राहिलं असेल." आणि वहीची पानं उलटण्याचा आवाज. मागे, पुढे, पुन्हा मागे.

आजी दाराबाहेर उभी होती. आत जायला दोन पावलं. तिने ती टाकली नाहीत. परत फिरली, आणि त्या परत फिरण्याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटायची होती.

नवव्या दिवशी सकाळी, दुकानात गर्दी नुकती ओसरली असताना, सून आतून आली. हातात नवी बाटली आणि खास दुधाचा डबा. मुलगा पोरीला घेऊन मागे उभा. गिऱ्हाइकांत एकटी शिंपीणबाई.

"आई, भट्टीजवळच्या चुलीवर बाटली उकळून घेऊ का? आजपासून डब्यातलं देणार आहे."

"का? आता तर बरी आहे ती."

"आता बरी आहे," सून म्हणाली. आवाजात रडणं नव्हतं; ते आधीच संपलेलं दिसत होतं. "पण कशाने बिघडली तेच मला माहीत नाही. माझाच माझ्यावर भरवसा नाही. पुन्हा माझ्या हातून काही गेलं आणि रक्त आलं तर? त्यापेक्षा डबा बरा. तो तरी खोटं लिहीत नाही."

सुनेचा झगा छातीवर भिजला होता. पोर बापाच्या हातातून तिच्याकडे झेपावत होती.

आजीने गल्ल्याची कड धरली.

"चूल मोकळी नाही," ती म्हणाली.

"मोकळी आहे की आई," मुलगा म्हणाला.

"मोकळी असली तरी नाही." आजीने गल्ल्याची कड सोडली. "पावातून गेलं. माझ्या पावातून. मी रोज त्यात कालचा गोळा घालत होते. दुधाचा, सोयाचा. हाताला सवय, डोक्यात आलंच नाही. हिने काही खाल्लेलं नाही. तो कागद बाकाखालचाच असेल. मी हिला चोर म्हणाले ते... शिंपीणबाई, तुम्ही ऐकलंत ना तेव्हा? आता हेही ऐका. आणि जिथे जिथे ते सांगितलंत तिथे तिथे हे सांगून या."

शिंपीणबाईने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकायला मिळालेलं पुरे झाल्यासारखं केलं आणि पायरी उतरली.

सुनेने डबा खाली ठेवला. "तुम्हाला कधी कळलं?"

हाच प्रश्न नको होता. आजीने मनातल्या मनात सगळं बोलायचं जुळवलं होतं, एवढं एक सोडून.

"कधी कळलं, आई?"

"तो... कागद सापडला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे आठ दिवस." सून हळूच म्हणाली. "गोळा चुकून गेला ते मी समजते. पण हे आठ दिवस? काल मी वही फाडून टाकणार होते. मला वेड लागलंय असं वाटत होतं मला. तुम्ही दाराबाहेर होतात. दाराखालच्या फटीतून तुमच्या चपला दिसत होत्या."

आजीने खाली बघावं तर पायात त्याच चपला.

मुलगाही मान खाली घालून उभा होता. सुनेने त्याच्या हातातून पोरीला घेतलं, पिठाच्या पोत्यावर सगळ्यांकडे पाठ करून बसली आणि अंगावर घेतलं. पोरीचा घटाघट पिण्याचा आवाज तेवढा येत राहिला. कुणी कुणाला माफ केलं नाही. आजीनेही माफी मागितली नाही. तेवढं तोंड आपल्याला उरलेलं नाही हे तिला कळत होतं.

पोरीचं पिणं झाल्यावर सून उठली, आतून वही आणून पीठ सांडलेल्या टेबलावर ठेवली. वर पेन्सिल.

"डॉक्टरांना दाखवायची आहे. लिहा."

"मी? माझं अक्षर..."

"तुम्हीच."

आजी स्टुलावर बसली. तिसरीनंतर तिने सहीपलीकडे फारसं काही लिहिलं नव्हतं. गोळा बंद केला त्या दिवसापर्यंत पाव दोन तुकडे, असं जिथे जिथे सुनेच्या रेखीव अक्षरात होतं, तिथे तिथे तिने पुढे 'गोळा' असं लिहायला घेतलं. 'ळ' दर वेळी वेगळाच कोलमडायचा. पेन्सिल दोनदा तुटली. मामा येऊन बघून गेला. एकेका तारखेवर तिचा हात थांबायचा. त्या त्या दिवशी पोर किती रडली होती ते तिला आठवायचं. संपलं तेव्हा बोटं आखडली होती.

सुनेने वही घेतली, पहिल्या पानापासून एकेक ओळ तपासली. पाव न लिहिलेल्या एका ओळीपुढे थांबली, रबराने आजीचा शब्द काळजीपूर्वक खोडला आणि कण फुंकून टाकले.

"ह्या दिवशी मी संध्याकाळी पाव खाल्ला नव्हता," ती म्हणाली. "खोटं नको."