बायजाची मिश्रीची डबी

मी एक जुनी पितळी डबी आहे, मित्रांनो, आणि मला कुणी हात लावू नये एवढीच माझी इच्छा आहे. किहीमजवळच्या एका घरात, चुलीवरच्या कोनाड्यात मी एकटी बसलेली असते. माझं झाकण हिरवं पडून घट्ट बसलंय.

देश स्वतंत्र झाला त्या साली बायजाने मला अलिबागच्या बाजारातून आणलं. तंबाखू खापरावर काळी होईस्तो भाजायची, कुटायची, की झाली मिश्री. ती माझ्यात भरायची. सकाळी उठली की तिचं पहिलं बोट माझ्यात. भातलावणी असो की लग्न, मी तिच्या कनवटीला. बायका म्हणत, "बायजा नवऱ्याला इसरंल, डबीला न्हाय." मी फुलून जायची. फुशारकी कशाची, ते तेव्हा कुठे ठाऊक होतं!

अकरा वर्षांनी तिच्या डाव्या गालात चट्टा आला. कालवण झोंबू लागलं. मिश्री लावली की घटकाभर बरं वाटे, म्हणून ती जास्तच लावी. दुखणं माझ्यामुळे आणि औषधाचा मानही मलाच. आपलेच दात, आपलेच ओठ. तिने कुणाला सांगितलं नाही.

मग लाँचने मांडव्याच्या बंदरात उतरून मुंबईची एक डॉक्टरीणबाई गावात आली. "तोंडातला कॅन्सर लवकर दिसला तर माणूस वाचतं. उद्या सगळ्याजणी तपासून घ्या," असं घरोघर सांगून गेली. बायकांना लाज वाटली. परक्या बाईला घाण तोंड दाखवायचं कसं? म्हणून सकाळी सगळ्यांनी दोन-दोनदा दात घासले. कशाने? मिश्रीने! करायला गेल्या काय अन् झालं काय. डॉक्टरीणबाई बॅटरी लावून पाहते, तर सगळी तोंडं तव्यासारखी काळी.

"बायांनो, खळखळून धुऊन या. दुपारच्या लाँचने मला परत जायचंय."

हसतहसत बायका विहिरीकडे गेल्या. बायजा मात्र मला मुठीत धरून घराकडे वळली. शेजारच्या मनुबाईने तिला अडवलं.

"कुठं चाललीस?"

"मी बरी हाय. मला काय न्हाय झालेलं."

"मंग तीन महिनं डाव्या अंगानं चावत न्हाईस, ते का? मी काय आंधळी हाय?"

तिने मला बायजाच्या मुठीतून काढून घेतलं आणि विहिरीवर स्वतः तिच्या हातावर पाणी ओतलं.

बॅटरीचा उजेड गालात पडला. डॉक्टरीणबाई बराच वेळ पाहत राहिली.

"आत्ता आलात म्हणून बरं. मुंबईला चला, हे काढता येईल. पण यांच्या हातातली ती मिश्रीची डबी कायमची सोडायची."

बायजाला मला फेकवेना. कोनाड्यात ठेवताना ती रडली. मीही रडले असते.

मुंबईला तो चट्टा काढून ती परत आली ती गाल जरासा ओढलेला घेऊन. पहिल्या वर्षी कितीदा तरी तिचा हात माझ्यापर्यंत यायचा आणि मागे जायचा. खोटं कशाला बोलू, तिच्या बोटाची आठवण मला अजून येते. एकटेपणा खायला उठतो.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, पुसून ठेवा. मला नका जपू. तुमच्या आईला, आजीला उजेडात बसवा आणि तोंड उघडायला सांगा. ती लाजेल, रागावेल. तरी पाहा.

परवा बायजाने बोंबलाचं झणझणीत कालवण दोनदा मागून घेतलं आणि डाव्या गालानेही चावून खाल्लं. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.