रामाची घुंगरकाठी

मृणालीचं लग्न करोनामुळे दोनदा पुढे गेलं आणि शेवटी लागलं ते दोन हजार बावीसच्या वैशाखात. मांडवात ताशा कडाडला तशी तिची चार वर्षांची भाची तेजस्वी कानांवर हात ठेवून पुढेमागे झुलायला लागली. नवरीचा मामा रामा ओरडला, "वारं आलं पोरीला! देवी खेळतेय!"

तेव्हापासून दर मंगळवारी देवीचा कौल मागायला आलेला माणूस चिमाच्या घरापुढच्या खळ्यात मावेना. चिमा मृणालीची आई, तेजस्वीची आजी, रामाची थोरली बहीण. आई लवकर गेली म्हणून तिनेच रामाला कडेवर घेऊन वाढवलेलं. पोरीचे आईबाप मुंबईत कामाला.

रामा घुंगराची काठी घेऊन पोरीजवळ बसे. "बोल आये! होय तर पंख हलव, नाय तर गप ऱ्हा!" तेजस्वीचे हात फडफडले की होय, स्थिर राहिले की नाय.

"देवीला समदं कळतं," रामा म्हणे.

"मग अंगणवाडीत कविता का म्हणत नाय रे?" शेजारच्या गंगुबाईने विचारलं.

"देवी काय कविता म्हणायला येते?"

चिमाच्या नवऱ्याच्या, महिपतच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. रक्तात साखर. त्यानेही कौल लावला, "चिपळूणच्या डॉक्टरकडे जाऊ काय?" हात हलले नाहीत. रामाने अंगारा दिला. महिपत दोन महिने तोच लावत बसला.

दिवाळीआधीच्या मंगळवारी अंगणवाडीच्या निशिगंधाबाई पुढे आल्या. "रामा, आज काठी माझ्याकडे. काठीवाला बदलला तर देवी रुसणार नाही ना?"

लोक हसले. काठी द्यावीच लागली.

"माडाला फणस लागतात काय गो?" बाईंनी घुंगरं वाजवली. तेजस्वीचे हात फडफडले.

"आजीला शिंगं आहेत काय?" घुंगरं वाजली, हात फडफडले.

"ही तुझी आजी ना?" काठी गप्प. हातही गप्प.

आता कोणी हसेना.

"ह्यात देवी नाही," बाई म्हणाल्या. "तिला घुंगरांचा नाद आवडतो. आनंद झाला की तिचे हात उडतात. आवाज सोसेना की झुलून ती स्वतःला सावरते. काही मुलं अशी असतात. तिला बोलायला मदत हवी, ही गर्दी नको."

"त्या डॉक्टरनेपण हेच..." रामा बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

चिमा उठली. श्रावणात पोरीला चिपळूणला रामानेच नेलं होतं. परत आल्यावर म्हणाला होता, "डॉक्टरने हात टेकले, आक्का."

"तुला ठाऊक होतं?"

"आक्का, लोकच येत गेले..."

"लोकांचं ऱ्हाऊ दे. तुझ्या भावोजींनी पायाचं विचारलं, तेव्हा काठी का नाय हलवलीस?"

उत्तर तिचं तिलाच मिळालं. महिपत त्याच डॉक्टरकडे गेला असता, तर डॉक्टर पोरीचंही सगळं बोलला असता.

"कडेवर वाढवला तुला," चिमा एवढंच म्हणाली. काठी तिने चुलीत घातली. घुंगरं तेवढी काढून तेजस्वीला खेळायला दिली.

दुसऱ्या दिवशी महिपतला चिपळूणला नेलं. विष मांडीपर्यंत चढलं होतं.

अजूनही कौल मागायला कोणी आलं की चिमा सांगते, "पोर झुलतंय तर झुलू द्या. ते कशाने झुलतं ते बघा, डॉक्टरला विचारा. आणि देवी आली म्हणून कोणी ओरडला, तर आधी त्याच्या हातात काय आहे ते बघा. मी नाय बघितलं. भाऊ होता माझा."

महिपत गेला तो शनिवारी, बारा नोव्हेंबर दोन हजार बावीसला, सकाळी.